माल येतो, माल यावा



या सदरात गेले काही महिने आपण स्पॅनिश क्रियापदाच्या साध्या वर्तमानकाळाशी परिचय करून घेत आहोत. आजचा विषय पुस्तकाच्या क्रमाने पाहता आणखी दोन-तीन अंकांनंतर यावयास हवा होता. परंतु पनवेलमधील आमच्याच नात्यातील एका पेढीवर अलीकडे असा एक प्रसंग घडला, की तो आजच घ्यावा असे मनाने घेतले.

पेढी किराणा व मसाल्याची, तीन पिढ्यांची. न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर 1989 साली सुरू झाले, तरी या घराचा माल पुढे कित्येक वर्षे मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांच्याच हातून परदेशी जात असे. माझ्या भाच्याने थेट निर्यातीचे धाडस केले. बंदर हाकेच्या अंतरावर, मग मधला हात कशाला, हा त्याचा सरळ हिशेब. जिऱ्याचा एक कंटेनर त्याने स्पेनमधील व्हॅलेन्सिया बंदराकडे रवाना केला. (तेथील लोक त्या नगराला ‘बालेन्सिया’ म्हणतात, कारण त्यांच्या उच्चारात ‘व’ आणि ‘ब’ असा भेद उरलेला नाही.) भाचा मोबाईलवरून थोडीफार स्पॅनिश शिकला आहे. खरेदीदाराला त्याच्या भाषेत लिहिले तर त्याला बरे वाटेल, या सद्भावनेने तो पत्रे स्पॅनिशमध्येच लिहीत असे.

खरेदीदाराने विचारले, माल केव्हा पोहोचेल? भाच्याने उत्तर धाडले : ‘ला मेर्कान्सीआ येगा एल लूनेस.’ म्हणजे, माल सोमवारी पोहोचतो. वाटेत कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढवताना खोळंबा झाला आणि माल अकरा दिवस उशिरा लागला. दरम्यान खरेदीदाराने त्या सोमवारच्या भरवशावर पुढच्या गिऱ्हाइकाला शब्द देऊन ठेवला होता. त्याने बिलातून रक्कम कापली. त्याहून अधिक लागले ते त्याचे एक वाक्य : ‘तुम्ही येगा लिहिले होते.’

भाचा माझ्याकडे आला तेव्हा पैशांपेक्षा या वाक्याने अस्वस्थ झालेला होता.

“मावशी, मला म्हणायचे होते की सोमवारी पोहोचावा. मी कुठे वचन दिले होते?”

त्याचे आजोबा शेजारीच बसले होते. सामायिक नुकतेच पूर्ण झालेले. त्यांनी शांतपणे विचारले, “मग तसे का लिहिले नाहीस? आमच्या वेळी पत्रात ‘माल सोमवारपर्यंत पावावा’ असे लिहीत. ‘पावतो’ असे लिहायला कुणाची छाती होत नसे.”

“आजोबा, मला ‘पावावा’ला काय म्हणतात ते ठाऊक नव्हते.”

त्याला हवा असलेला शब्द ‘येगे’ हा होता. ‘एस्पेरो के ला मेर्कान्सीआ येगे एल लूनेस’, म्हणजे माल सोमवारी पोहोचावा अशी आशा आहे. ‘येगा’ आणि ‘येगे’ यांत फरक एका स्वराचा आहे. या एका स्वराला स्पॅनिश व्याकरणात ‘सुब्खुन्तीवो’ म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ ‘खाली जोडलेला’. त्यातील ‘युंग’ हा अंश आणि आपल्या ‘योग’ शब्दातील ‘युज्’ धातू यांचे मूळ एकच. हे क्रियापद बहुधा दुसऱ्या एखाद्या वाक्याला जोडून येते, म्हणून हे नाव.

व्यापाऱ्याच्या घरी तीन क्रिया रोज घडतात : खरेदी, विक्री आणि आलेल्या मालाची पावती. सुदैवाने स्पॅनिशमधील नियमित क्रियापदांचे तिन्ही गण या तीन क्रियांत सामावतात. ‘कोम्प्रार’ म्हणजे विकत घेणे, ‘बेन्देर’ म्हणजे विकणे, ‘रेसिबीर’ म्हणजे पावणे, स्वीकारणे. पहिला गण ‘आर’चा, दुसरा ‘एर’चा, तिसरा ‘ईर’चा.

साध्या वर्तमानात ‘तो विकत घेतो’ हे ‘कोम्प्रा’, ‘तो विकतो’ हे ‘बेन्दे’, ‘त्याला पावते’ हे ‘रेसीबे’. आता इच्छेचे रूप करावयाचे तर जमाखर्चाच्या वहीत नजरचुकीने जमेची रक्कम नावे पडावी आणि नावेची जमेस जावी, तशी स्वरांची अदलाबदल करावयाची. ‘आ’च्या जागी ‘ए’, आणि ‘ए’च्या जागी ‘आ’. ‘कोम्प्रा’चे ‘कोम्प्रे’ होते, ‘बेन्दे’चे ‘बेन्दा’, ‘रेसीबे’चे ‘रेसीबा’. ‘ईर’चा गण येथे निमूटपणे ‘एर’च्या मागे चालतो.

पूर्ण रूपे एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने : कोम्प्रे, कोम्प्रेस, कोम्प्रे, कोम्प्रेमोस, कोम्प्रेइस, कोम्प्रेन. पुढे बेन्दा, बेन्दास, बेन्दा, बेन्दामोस, बेन्दाइस, बेन्दान. आणि तसेच रेसीबा, रेसीबास, रेसीबा, रेसिबामोस, रेसिबाइस, रेसीबान. ‘मी’ आणि ‘तो’ यांची रूपे एकच आहेत, हे ध्यानी ठेवावे. कोण ते संदर्भाने कळते. ‘तू’च्या रूपाअंती येणारा ‘स’ मात्र आपल्या घरचाच. ‘तू करतोस’, ‘तू घ्यावेस’ यांतील ‘स’ आणि ‘कोम्प्रेस’मधील ‘स’ हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत. इतकेच काय, स्पॅनिशमध्येही ‘तू’ला ‘तू’च म्हणतात.

पाठ्यपुस्तकांत येथे विद्यार्थ्याला घाबरवणारे एक पान असते. ‘येगार’ (पोहोचणे), ‘पागार’ (पैसे देणे), ‘बुस्कार’ (शोधणे) ही क्रियापदे इच्छेच्या रूपात वर्तनी बदलतात, म्हणून त्यांची वेगळी यादी पाठ करावयास लावतात. मला ही यादी अनावश्यक वाटते. रोमन लिपीत ‘ग’ आणि ‘क’ यांचा उच्चार पुढील स्वरावर अवलंबून असल्यामुळे त्यांना तेथे एखादे अक्षर वाढवावे किंवा बदलावे लागते. देवनागरीत लिहा : येगार, येगे, पागार, पागे, बुस्कार, बुस्के. काही बदलले का? कानाला ही क्रियापदे पूर्णतः नियमित आहेत. प्रथम देवनागरीत शिकावे, रोमन वर्तनी मागाहून जुळवून घ्यावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगते.

‘पागार’ हा शब्द ऐकून कान टवकारले असतील. आपला ‘पगार’ तोच. तो स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीकडून, पोर्तुगीजकडून मराठीत आला. ‘लिलाव’ही तिचाच, ‘चावी’ही तिचीच. ‘बटाटा’सुद्धा तिच्याच हातून आला, कंदमूळ आपण वर्ज्य केले, शब्द करता आला नाही. हे व्यापारी शब्द आपल्या किनाऱ्यावर कसे रुजले याची साक्ष फार दूर शोधावयास नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई हे गाव आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून उपजलेली एक बोली बोलली जाते. चौल-रेवदंड्यातून पोर्तुगीजांची सत्ता 1740 साली उठली, बोली राहिली. अभ्यासकांनी तिच्याविषयी नोंदवलेली एक गोष्ट फार मनोरम आहे. ‘आ’, ‘ए’ आणि ‘ई’ असे क्रियापदांचे तीन गण त्या बोलीने राखले. आणि मराठीतून उसनी घेतलेली क्रियापदे बसवण्यासाठी ‘ऊ’चा चौथा गण स्वतः तयार केला. नव्या गिऱ्हाइकासाठी वहीत नवे खाते उघडावे, तसे.

परंतु रूपे पाठ झाली म्हणून ती केव्हा योजावीत हे कळत नाही, आणि भाच्याची अडचण तेथेच होती. पुस्तके त्यासाठी इच्छा, विनंती, शंका, भावना अशी लांब यादी देतात. मला एक वेगळा मार्ग दिसतो, आणि तो आपल्या आगमांतून जातो.

प्रज्ञापना सूत्राच्या अकराव्या, म्हणजे भाषापदात, भाषेचे चार प्रकार सांगितले आहेत : सत्य, मृषा, सत्यामृषा आणि असत्यामृषा. पहिले तीन सहज समजतात. चौथा विलक्षण आहे : जी भाषा खरीही नव्हे आणि खोटीही नव्हे. तिचे बारा भेद तेथे दिले आहेत. हाक मारणारी आमंत्रणी, आज्ञा करणारी आज्ञापनी, मागणी करणारी याचनी, प्रश्न विचारणारी पृच्छनी, दुसऱ्याच्या इच्छेला अनुसरणारी इच्छानुलोमा, इत्यादी. दिगंबर परंपरेत गोम्मटसारामध्येही अशाच वचनांचे ‘अनुभय’ या नावाने नऊ भेद येतात. ‘माल पाठवावा’ हे वाक्य खरे की खोटे? प्रश्नच गैरलागू. त्यात काही घडल्याचा दावाच नाही. ‘माल आला’ हे मात्र खरे किंवा खोटे असते; गोदामात जाऊन पाहता येते.

स्पॅनिश भाषा हा भेद क्रियापदाच्या शेपटीवर नोंदवते. ज्या वाक्यात बोलणारा दावा करतो, तेथे साधे रूप. जेथे तो दावा करीत नाही, केवळ इच्छितो, मागतो, शंका घेतो, तेथे ‘सुब्खुन्तीवो’. ‘क्रेओ के एल प्रेसिओ बाखा’, म्हणजे माझ्या मते भाव उतरतो आहे. हा दावा आहे. ‘नो क्रेओ के एल प्रेसिओ बाखे’, भाव उतरेल असे मला वाटत नाही. येथे ‘उतरणे’ ठामपणे मांडलेले नाही, म्हणून ‘बाखे’. ‘ले रुएगो के कोन्फीर्मे एल पेदीदो’, आपण ऑर्डर पक्की करावी ही विनंती. मधला ‘के’ म्हणजे आपला ‘की’. आपला ‘की’ फारसीतून आला, त्यांचा ‘के’ लॅटिनमधून. पण फार मागे गेल्यास दोघांचे कूळ एकच.

मराठीत याचे काम विध्यर्थ करतो, तो ‘आवा’ प्रत्यय लावून. हा प्रत्यय संस्कृतातील ‘तव्य’पासून आला, ‘कर्तव्य’ आणि ‘करावे’ ही एकाच घरची. म्हणून आपण ‘त्याने हुंडी पाठवावी, त्याने माल पाठवावा’ असे म्हणतो. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते आणि कर्त्याला ‘ने’ लागतो. स्पॅनिशमध्ये कर्ता जागचा हलत नाही, आणि वस्तू काहीही असो, क्रियापद कर्त्याचेच ऐकते. आगमांच्या अर्धमागधीत हेच काम ‘ज्ज’ करतो. ‘भासेज्ज’ म्हणजे बोलावे. ‘पडिगाहेज्जा’ म्हणजे ग्रहण करावे. साधूने काय घ्यावे, काय घेऊ नये हे सांगणारी आचारांगाची पाने या रूपांनी भरलेली आहेत. प्राकृताची ही रूपे आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात शास्त्रबद्ध केली. स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण नेब्रिखा या पंडिताने रचले ते 1492 साली; मराठीत दादोबा पांडुरंगांचे 1836 साली आले.

आजोबांना मी हे सारे सांगत होते तेव्हा त्यांनी दशवैकालिक सूत्राची आठवण काढली. आचार्य शय्यंभवांनी आपला अल्पायुषी पुत्र मनक याच्यासाठी ते रचले असे परंपरा सांगते. त्याचे सातवे अध्ययन ‘वाक्यशुद्धी’चे. चारपैकी दोन भाषा शिकाव्यात आणि दोन कधीच बोलू नयेत, असा त्याचा आरंभ. बोलावयाच्या दोन म्हणजे सत्य आणि हीच असत्यामृषा. पुढे तेथे आणखी सूक्ष्म सूचना आहे : जे घडणार आहे पण निश्चित नाही, त्याविषयी ‘आम्ही जाऊ’, ‘अमुक होईल’ असे ठासून बोलू नये. साधूंसाठी सांगितलेली ही मर्यादा आहे. आपण श्रावक, आपल्याला धंदा करावयाचा आहे, तारखा द्याव्याच लागतात. तरी आजोबांनी नातवाला विचारलेला प्रश्न तेथूनच आला होता.

“तू खोटे लिहिलेस असे मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “कूटलेखाला हेतू लागतो, तो तुझा नव्हता. पण जहाज तुझ्या हातात नव्हते ना? जे आपल्या हातात नाही, त्याचे ‘येतो’ का करावे?”

भाचा यावर काही बोलला नाही. मीही नाही.

आगमांतील ही चौकट स्पॅनिशला सर्वत्र जुळते असे मात्र समजू नये. दोन ठिकाणी ती सुटते, हे मला सांगितलेच पाहिजे. प्रश्न हा असत्यामृषा भाषेचा भेद; पण स्पॅनिशमध्ये ‘येगा एल लूनेस?’ असा साधा प्रश्न साध्याच रूपात विचारतात. उलट, ‘मे आलेग्रा के ला मेर्कान्सीआ येगे आ तिएम्पो’, माल वेळेवर पोहोचतो याचा मला आनंद वाटतो, येथे माल खरोखर पोहोचत असूनही ‘येगे’च येते. व्याकरणकार सांगतात की येथे बोलणारा पोहोचण्याची खबर देत नाही, त्यावरचा आपला भाव व्यक्त करतो. पटण्याजोगे आहे, परंतु ओढूनताणून. अशी वाक्ये पाठच करावीत.

मराठी वळणाने चकवा होतो तो आणखी एका जागी. ‘जहाज लागले की कळवतो’ असे आपण म्हणतो. अजून न लागलेल्या जहाजाला बेधडक भूतकाळ लावतो. स्पॅनिश मनुष्य म्हणेल, ‘क्वान्दो येगे एल बार्को, ले आबीसो.’ जहाज अजून आलेले नाही, म्हणून ‘येगे’. तेथे ‘येगा’ घातले तर अर्थ होतो, जेव्हा जेव्हा जहाज लागते तेव्हा तेव्हा मी कळवत असतो. निर्यातीच्या पत्रव्यवहारात हे वाक्य आठवड्यातून चार वेळा लिहावे लागते, तेव्हा ते घोटून ठेवावे. आणि इच्छा करणारा व कृती करणारा एकच असेल, तर या रूपाची गरजच नाही : ‘किएरो कोम्प्रार’, मला विकत घ्यायचे आहे. ‘तू विकत घ्यावेस अशी माझी इच्छा आहे’, येथे मनुष्य दोन झाले, म्हणून ‘किएरो के कोम्प्रेस’.

आशेसाठी त्यांच्याकडे ‘ओखाला’ असा एक सुंदर शब्द आहे. स्पेनवर काही शतके अरबांची सत्ता होती. ‘ईश्वराची इच्छा असेल तर’ या अर्थाच्या अरबी शब्दसमूहातून तो घडला. ‘ओखाला येगे’ म्हणजे पोहोचो एकदाचे. त्याच्यापुढे साधे रूप कधीही येत नाही.

आदराविषयी सांगितल्यावाचून हा पाठ अपुरा राहील. आपण पाहुण्याला ‘बस’ म्हणत नाही, ‘बसावे’ म्हणतो. आज्ञेला इच्छेचे वस्त्र नेसवतो. स्पॅनिशची रीत अगदी हीच. ‘तू’ला आज्ञा करताना साधे रूप, ‘कोम्प्रा’. पण ज्यांना ‘उस्तेद’, म्हणजे ‘आपण’ म्हणावयाचे, त्यांना ‘कोम्प्रे’, आपण घ्यावे. नकार तर ‘तू’लाही याच रूपात : ‘नो बेन्दास’, विकू नकोस. गोव्याच्या कार्निव्हलमध्ये ‘व्हिवा’ असा जो घोष होतो, तोही याच जातीचा. ‘बिबीर’ म्हणजे जगणे, ‘बीबा’ म्हणजे चिरायू होवो. क्षमापनेच्या दिवशी आपण ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो, त्यात क्रियापद उच्चारलेलेच नाही. माझे दुष्कृत मिथ्या ‘होवो’, हा ‘होवो’ ऐकणाऱ्याने मनात भरावयाचा असतो. स्पॅनिशमध्ये तो उघड बोलावा लागतो. मी भाच्यासाठी असे जुळवले : ‘के मिस फाल्तास केदेन सिन एफेक्तो’, माझे दोष निष्फळ राहोत. ‘केदार’ म्हणजे राहणे, पहिल्या गणाचे, नियमित.

त्याने हे वाक्य खरेदीदाराला पाठवले नाही. व्यापारी पत्रात ते शोभले नसते, आणि तोही निर्णय मला योग्य वाटला. त्याने सरळ लिहिले, की मागील पत्रातील शब्द माझा चुकला, कपात मान्य आहे. पुढील कंटेनर महिनाअखेरीस पोहोचावा अशी आशा आहे, आणि जहाज लागताच कळवीन. दोन्ही जागी ‘येगे’. पत्र धाडण्यापूर्वी त्याने ते देवनागरीत उतरवून आजोबांना वाचून दाखवले. शेवटची ओळ होती : ‘रेसीबा उन कोर्दिआल सालूदो.’

“याचा अर्थ?” आजोबांनी विचारले.

“आमचा स्नेहपूर्ण नमस्कार स्वीकारावा. तिकडे पत्राच्या शेवटी असे लिहायची पद्धत आहे.”

“म्हणजे ‘लोभ असावा’च की,” आजोबा म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा वहीकडे वळले.

पुढील अंकी अनियमित क्रियापदे घेऊ. तोवर वाचकांनी ‘माल पाठवावा’, ‘पैसे द्यावे’ आणि ‘विकू नये’ ही तीन वाक्ये ‘मान्दार’ (पाठवणे), ‘पागार’ आणि ‘बेन्देर’ यांची रूपे योजून ‘उस्तेद’साठी लिहून पाहावीत.